व्हॅम्पायर उमराव कधी झाला?

प्रश्न असा आहे: व्हॅम्पायर ही कल्पना ब्रॅम स्टोकरच्या १८९७ सालच्या ‘ड्रॅक्युला’पासून सुरू झाली, की त्याआधीच्या गॉथिक साहित्यात, म्हणजे जुने किल्ले, मठ आणि भुयारे यांच्या भयकथांत, तिची मुळे सापडतात, आणि सापडत असतील, तर हा व्हॅम्पायर म्हणजे आपला वेताळच समजायचा काय? एकोणिसाव्या शतकातले इंग्रजी साहित्य शिकवताना हा प्रश्न मला जवळजवळ दर वर्षी विचारला जातो, म्हणून उत्तर जरा विस्ताराने देतो.

स्टोकरकडे ही परंपरा सुरू होत नाही, ती त्याच्याकडे पुरती पिकून आली. इंग्रजी गद्यातला पहिला पूर्ण व्हॅम्पायर त्याच्या ७८ वर्षे आधी, १ एप्रिल १८१९ रोजी, लंडनच्या एका मासिकात छापला गेला, आणि त्याचा कर्ता विशीतला एक बेकार डॉक्टर होता. मात्र ‘पहिला कोण’ या वादात मला फारसा रस नाही. त्याआधी शंभर वर्षे व्हॅम्पायर हा शेतकऱ्याचे फुगलेले, तांबूस चेहऱ्याचे प्रेत होता. तो फिकट चेहऱ्याचा, मेजवान्यांना हजेरी लावणारा उमराव कसा झाला, हे समजले की बाकीच्या प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळतात.

सुरुवात सर्बियात होते. १७१८ च्या पासारोविट्सच्या तहाने उत्तर सर्बियाचा मुलूख तुर्कांकडून ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजवटीकडे आला. मृतांबद्दलचे जे समज तिथल्या खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते, त्यांची गाठ आता प्रथमच लेखणीबहाद्दर नोकरशाहीशी पडली. १७२५ साली किसिल्येवो गावात पेटार ब्लागोयेविच नावाचा शेतकरी वारला आणि त्यानंतर आठ दिवसांत गावात नऊ जण दगावले. मरणाऱ्यांनी सांगितले की पेटार झोपेत येऊन अंगावर बसतो आणि गळा दाबतो. गावकऱ्यांनी कबर उकरायचे ठरवले आणि फ्रोम्बाल्ट नावाच्या स्थानिक अंमलदाराला बोलावून घेतले. वरिष्ठांची परवानगी येईपर्यंत थांबा, असे त्याने सांगून पाहिले. पण तोवर गाव ओस पडेल, असे उत्तर मिळाल्यावर तो मुकाट्याने गेला. प्रेताच्या तोंडात ताजे रक्त दिसले, छातीत खुंटा ठोकल्यावर कानातोंडातून आणखी रक्त आले, आणि शेवटी प्रेत जाळण्यात आले. फ्रोम्बाल्टने हे सगळे लिहून वर पाठवले, आणि यात काही चुकले असेल तर दोष भयाने वेड्या झालेल्या जमावाचा समजावा, माझा नव्हे, अशी पुस्तीही जोडली. जगातल्या सगळ्या कारकुनांना ही पुस्ती ओळखीची वाटेल. त्याचा अहवाल त्याच वर्षी जुलैमध्ये व्हिएन्नाच्या वृत्तपत्रात छापून आला.

दुसरे प्रकरण अधिक महत्त्वाचे आहे. मोराव्हा नदीकाठच्या मेद्वेजा या गावात हायडुक, म्हणजे सरहद्द राखणारी शिबंदी, राहत असे. त्यांतला आर्नोल्ड पाओले गवताच्या गाडीवरून पडून मान मोडून मेला. आपल्याला पूर्वी एका व्हॅम्पायरने छळले होते आणि त्यातून सुटण्यासाठी आपण त्याच्या कबरीतली माती खाल्ली होती, असे तो हयातीत सांगत असे. त्याच्या मरणानंतर चार जण गेले, तेव्हा त्यालाही उकरून खुंटा ठोकून जाळले गेले. पुढे पाचेक वर्षांनी, १७३१ च्या हिवाळ्यात, त्याच गावात तीन महिन्यांत १७ माणसे मेली. साथीचा संशय आल्याने लष्कराने योहान फ्ल्युकिंगर या पलटणीच्या शल्यचिकित्सकाला पाठवले. जानेवारी १७३२ मध्ये त्याने जो कागद तयार केला त्याच्या लॅटिन शीर्षकाचा अर्थ ‘पाहिलेले आणि आढळलेले’ असा होतो. आपल्याकडे त्याला सरळ पंचनामा म्हटले असते.

हा पंचनामा मी विद्यार्थ्यांना आवर्जून वाचायला देतो, कारण त्यात भीतीचा एकही शब्द नाही. प्रेतांची एकामागून एक नोंद आहे: वय किती, आजार किती दिवसांचा, पुरून किती दिवस झाले, छातीच्या पोकळीत काय सापडले, नखांखाली नवी त्वचा दिसते की नाही. मिलित्सा नावाच्या साठ वर्षांच्या बाईच्या नोंदीपाशी गावकऱ्यांचा विस्मय लिहून ठेवला आहे. ते म्हणाले, आम्ही हिला जन्मभर ओळखतो, ही कायम काटकुळी होती. हिच्या अंगावर हे मांस कबरीत चढले. जी प्रेते सडली होती ती निर्दोष ठरून परत पुरली गेली. जी सडली नव्हती त्यांची डोकी छाटून, धडासकट जाळून, राख मोराव्हेत सोडण्यात आली. खाली लष्करी वैद्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या सह्या आहेत.

थंडीत पुरलेले प्रेत सावकाश कुजते, पोटात वायू साठून ते फुगते, फुप्फुसांतला काळपट द्रव तोंडानाकातून बाहेर येतो, वरची कातडी सुटली की खालची ताजी वाटते, हे आज न्यायवैद्यकाच्या कोणत्याही विद्यार्थ्याला ठाऊक असते. फ्ल्युकिंगरने पाहिलेले खोटे नव्हते, लावलेला अर्थ चुकीचा होता. आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षात घ्यायचे ते एवढेच की हा मूळचा व्हॅम्पायर फिकट नाही, कृश नाही, देखणा नाही, परका तर मुळीच नाही. तो घरचा माणूस आहे, आणि तो येतो तो बायकोमुलांकडे, शेजाऱ्यांकडे. तो बहुधा मानेला चावतही नाही, छातीवर बसून गळा आवळतो. रक्त पिण्याचा निष्कर्ष प्रेताच्या तोंडातल्या रक्तावरून मागाहून काढलेला आहे. त्याला ना किल्ला, ना पदवी.

या पंचनाम्याने युरोपभर खळबळ माजवली. जर्मन विद्यापीठांतल्या पंडितांनी पुस्तिकांचा पाऊस पाडला, आणि मार्च १७३२ मध्ये ‘लंडन जर्नल’ने बातमी छापताच हा शब्द इंग्रजीत रुळला. मेच्या सुमारास तर एका विरोधी पत्राने तो राजकीय टीकेतही वापरला: प्रजेला पिळणारे मंत्री आणि करवसुली करणारे हेच खरे व्हॅम्पायर. पुढे फ्रेंच विचारवंत व्हॉल्तेअरनेही हाच सूर लावला. दिवसाढवळ्या लोकांचे रक्त शोषणारे सटोडिये आपण पॅरिसात आणि लंडनात पाहिले, फक्त ते मेलेले नव्हते, असे तो म्हणतो. व्हॅम्पायर आणि वरचा वर्ग यांची सांगड साहित्याच्या आधी वृत्तपत्री उपहासाने घातली होती, ही गोष्ट पुष्कळदा नजरेतून सुटते. दरम्यान दोम कालमे या बेनेडिक्टाइन मठाधिपतीने १७४६ साली सगळी प्रकरणे एका ग्रंथात गोळा केली, आणि १७५५ मध्ये सम्राज्ञी मारिया थेरेसाने आपला वैद्य खेरार्ड फान स्वीटेन याच्या सल्ल्याने प्रेते उकरण्यावर बंदी घातली. खेड्यातला व्हॅम्पायर इथे कायद्याने संपला. पुस्तकांत मात्र तो मोकळा होता.

आता गॉथिक कादंबरीकडे वळू, कारण इथेच सर्वांत मोठा गैरसमज आहे. या प्रकाराचा आरंभ मानली जाणारी होरेस वॉलपोलची ‘द कॅसल ऑफ ओट्रान्टो’ १७६४ च्या डिसेंबरात आली, ॲन रॅडक्लिफच्या गाजलेल्या कादंबऱ्या १७९० च्या दशकात आल्या, मॅथ्यू लुइसची ‘द मंक’ १७९६ मध्ये आली. आणि या सगळ्यांत व्हॅम्पायर नाही. भुयारे आहेत, मठ आहेत, छळवादी सरदार आहेत, ‘द मंक’मध्ये रोज रात्री बिछान्यापाशी येऊन थंडगार ओठांनी चुंबन घेणारी रक्ताळलेली जोगीण आहे, पण रक्त पिणारे प्रेत नाही. बातमी तर १७३२ पासून इंग्रजीत होती. मग हे असे का? माझे मत असे की गॉथिक कादंबरीला इतिहासाचे अंतर लागत असे. तिची भीती मध्ययुगात, इटलीत किंवा स्पेनमध्ये, घराण्याच्या जुन्या पापात वसलेली असे. व्हॅम्पायर ही त्या मानाने ताजी बातमी होती, आणि तीही शेतकऱ्यांची. त्याला कादंबरीच्या किल्ल्यात प्रवेश मिळवायला घराणे हवे होते, आणि ते त्याच्यापाशी नव्हते.

तो आत शिरला कवितेच्या दाराने. १७४८ साली हाइनरिश आउगुस्ट ओसेनफेल्डर या जर्मन कवीने एक छोटी कविता लिहिली. तिच्यातला प्रियकर आईच्या शिकवणीला चिकटून राहणाऱ्या मुलीला धमकावतो की मी व्हॅम्पायर होऊन रात्री येईन, तुझ्या गालांची लाली शोषीन, आणि मग विचारीन की तुझ्या आईच्या शिकवणीहून माझी शिकवण बरी आहे की नाही. कविता म्हणून ती सामान्य आहे, पण गळा आवळणारे प्रेत इथे प्रथमच शयनगृहातला प्रियकर होते. ब्युर्गर या दुसऱ्या जर्मन कवीच्या ‘लेनोरे’मध्ये (१७७३) मेलेला सैनिक वाग्दत्त वधूला घोड्यावर घालून थडग्याकडे नेतो. ग्योटेने १७९७ साली ‘कोरिंथची वधू’ लिहिली. तिचे बीज फ्लेगॉन या प्राचीन ग्रीक लेखकाच्या एका कथेत आहे, पण ग्योटेची मृत वधू रात्री येऊन लाल मदिरा पिते, भाकरीला हात लावत नाही, आणि प्रियकराच्या हृदयाचे रक्त शोषायला आपण आलो आहोत हे स्वतःच्या तोंडाने सांगते. मला ही कविता या सगळ्या परंपरेतली सर्वश्रेष्ठ वाटते. तिच्यापुढे ‘ड्रॅक्युला’ ढिसाळ वाटतो, असे म्हटल्यावर वर्गात नेहमी कुजबुज होते.

इंग्रजीत रॉबर्ट सदीने ‘थालाबा’ (१८०१) या काव्यात नायकाच्या मृत पत्नीला व्हॅम्पायर केले, आणि खाली पानेच्या पाने टिपा दिल्या. लॉर्ड बायरन या इंग्रज कवीच्या ‘द जाऊर’मध्ये (१८१३) एका शापात हाच धागा येतो: तू थडग्यातून उठशील आणि आपल्याच मुलीचे, बहिणीचे, पत्नीचे रक्त पिशील. त्यालाही टीप आहे, आणि तीत सदीच्या टिपांचा हवाला आहे. सर्बियातला पंचनामा अशा रीतीने तळटिपांच्या शिडीवरून इंग्रजी काव्यात चढला. बायरनच्या शापात ‘आपल्याच माणसांचे रक्त’ हा गावठी व्हॅम्पायरचा खरा गुण अजून शाबूत आहे, हेही पाहावे.

यानंतर १८१६ चा तो प्रसिद्ध उन्हाळा येतो. आदल्या वर्षी इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला होता आणि त्याच्या धुळीने युरोपचे आकाश झाकोळले होते. जिनिव्हा सरोवराकाठच्या व्हिला दिओदातीत बायरन, त्याचा खासगी डॉक्टर जॉन पोलिदोरी, आणि शेजारी उतरलेले शेली, मेरी गॉडविन व क्लेअर क्लेअरमॉन्ट पावसामुळे घरात अडकले. जर्मन भुताच्या गोष्टींचे एक फ्रेंच भाषांतर वाचून झाल्यावर बायरनने सुचवले की प्रत्येकाने एक गोष्ट लिहावी. त्यातून मेरीची ‘फ्रँकेनस्टाइन’ निघाली, हे सर्वांना माहीत असते. त्याच घरातून व्हॅम्पायरही निघाला.

पोलिदोरी तेव्हा वीस वर्षांचा होता. एडिंबरोहून एकोणिसाव्या वर्षी वैद्यकाची पदवी घेतलेला, निद्राभ्रमणावर प्रबंध लिहिलेला, लेखक होण्याची हौस असलेला आणि अतिशय मानी. बायरनच्या प्रवासाची दैनंदिनी लिहावी म्हणून प्रकाशक जॉन मरीने त्याला ५०० पौंड देऊ केले होते. एकदा त्याने बायरनला विचारले की कविता सोडली तर तुम्हाला असे काय येते जे मला येत नाही. बायरनने तीन गोष्टी मोजून दाखवल्या: पिस्तुलाने किल्लीच्या भोकात नेम धरणे, समोरची नदी पोहून जाणे, आणि तिसरी म्हणजे तुला यथेच्छ बडवून काढणे. पगारी माणसाने मालकाची बरोबरी करू पाहिली की काय ऐकावे लागते याचा हा नमुना आहे. त्याच वर्षी शरद ऋतूच्या सुमारास बायरनने त्याला कामावरून काढले.

बायरनने त्या स्पर्धेत काही पानेच लिहिली. ऑगस्टस डार्वेल नावाचा गूढ सरदार एका तरुणासह तुर्कस्तानात जातो, एका ओसाड दफनभूमीत मरायला टेकतो, आणि आपले मरण कोणालाही सांगू नकोस अशी शपथ घालतो. थडग्यावर एक करकोचा चोचीत साप धरून बसलेला असतो. तो सापाला गिळत नाही. सरदाराचा चेहरा मरताच काही मिनिटांत काळा पडतो. इथे गोष्ट थांबते, आणि ‘व्हॅम्पायर’ हा शब्द तिच्यात नाही.

पोलिदोरीने हा सांगाडा उचलला, आणि त्यात बायरनलाच भरले. त्याचा लॉर्ड रुथ्वेन लंडनच्या उच्चभ्रू समाजात एकाएकी उगवतो. त्याचा डोळा राखाडी आणि निर्जीव, चेहरा देखणा पण लाजेने वा आवेगाने कधीही न तांबडा होणारा. दानधर्म करतो तो दुर्गुणी माणसांना, आणि त्याचे दान घेणारे सगळे फासावर किंवा चिखलात जातात. रुथ्वेन हे नावही उसने आहे: बायरनने झिडकारलेल्या लेडी कॅरोलाइन लॅम्बने १८१६ च्या आपल्या कादंबरीत बायरनवर बेतलेल्या पात्राला हेच नाव दिले होते. म्हणजे डॉक्टरने आपला मालक कोण हे नाव सांगूनच लिहिले होते. ऑब्रे नावाचा भाबडा तरुण रुथ्वेनबरोबर प्रवासाला जातो. ग्रीसमध्ये त्याची प्रिय आयान्थी गळ्यावर दातांच्या खुणा घेऊन मरते. पुढे लुटारूंच्या गोळीने रुथ्वेन ‘मरतो’, आणि मरताना एक वर्ष आणि एक दिवस मौन पाळण्याची शपथ घेववतो. त्याचे प्रेत डोंगरावर चंद्रकिरणात ठेवले जाते आणि नाहीसे होते. लंडनला परतल्यावर ऑब्रेला तोच माणूस गर्दीत भेटतो, आणि कानाशी कुजबुजतो: शपथ आठव. रुथ्वेन ऑब्रेच्याच बहिणीशी लग्न ठरवतो, आणि मुदत संपून ऑब्रेचे तोंड उघडते तेव्हा उशीर झालेला असतो.

या कथेत लसूण नाही, क्रूस नाही, आरसा नाही, वटवाघूळ नाही, खुंटाही नाही. रुथ्वेन उन्हात फिरतो. सूर्यप्रकाशाने व्हॅम्पायर मरतो ही कल्पना तर १९२२ च्या एका जर्मन मूकपटातून आली. खरे भय शपथेचे आहे. सभ्य माणसाचा शब्द म्हणजे शब्द, म्हणून ऑब्रे सख्ख्या बहिणीला वाचवू शकत नाही. गावकऱ्यांनी व्हॅम्पायर दिसताच फावडे उचलले होते; लंडनचा सद्गृहस्थ शिष्टाचार सांभाळत बसतो. माझ्या मते पोलिदोरीची खरी भर हीच आहे, आणि तिचे श्रेय त्याला अजूनही पुरेसे मिळालेले नाही.

श्रेयाची कथाही तशीच. हस्तलिखित त्याच्या नकळत प्रकाशक हेन्री कोलबर्नकडे पोहोचले आणि १८१९ च्या एप्रिलमध्ये ‘न्यू मंथली मॅगझिन’मध्ये ‘लॉर्ड बायरनकृत कथा’ म्हणून छापले गेले. बायरनने जाहीर पत्र लिहून इन्कार केला. व्हॅम्पायरांविषयी मला व्यक्तिशः तिटकारा आहे, आणि त्यांच्याशी असलेल्या अल्प परिचयावरून मी त्यांची गुपिते उघड करणार नाही, असा टोलाही हाणला. पण बायरनचे नाव असल्यानेच आवृत्त्या निघाल्या आणि भाषांतरे झाली. पोलिदोरीला ३० पौंड मिळाले. १८२१ च्या ऑगस्टमध्ये, पंचविसाव्या वर्षी, तो मेला. चौकशीत मृत्यू नैसर्गिक ठरला, घरच्यांना मात्र आत्महत्येची खात्री होती. कथेच्या प्रस्तावनेत १७३२ च्या ‘लंडन जर्नल’मधली आर्नोल्ड पाओलेची हकीकत उद्धृत केलेली आहे. गाडीवरून पडून मेलेला हायडुक आणि मेजवानीतला लॉर्ड असे एकाच पुस्तिकेच्या दोन टोकांना बसले आहेत.

पुढचा प्रवास झपाट्याने झाला. जून १८२० मध्ये पॅरिसच्या रंगभूमीवर रुथ्वेन आला, ऑगस्टमध्ये जेम्स प्लांशेने तो लंडनच्या लायसियममध्ये आणला. प्लांशेला व्हॅम्पायर पूर्व युरोपातच दाखवायचा होता, पण व्यवस्थापकाला स्कॉटिश संगीत प्रिय होते आणि नाट्यगृहात स्कॉटिश पोशाख पडून होते, म्हणून रुथ्वेन स्कॉटलंडचा झाला. आपल्या संगीत नाटकांच्या बिऱ्हाडात वावरलेल्यांना या निर्णयाचे नवल वाटू नये. स्टोकर पुढे ज्या लायसियमचा कारभार पाहत होता ते याच नाट्यगृहाचे नंतरचे रूप. जुनी इमारत १८३० मध्ये जळाली होती.

वेताळाबद्दल. गोंधळाचे मूळ बहुतेक १८७० च्या एका इंग्रजी पुस्तकात आहे: रिचर्ड बर्टनने वेताळ पंचविशीतल्या अकरा कथा स्वैरपणे इंग्रजीत आणल्या आणि शीर्षकात वेताळाला ‘व्हॅम्पायर’ म्हटले. दोघांत साम्य एवढेच की दोघांचा प्रेताशी संबंध आहे. वेताळ दुसऱ्याच्या प्रेतात शिरतो, कोडी घालतो, आणि शेवटी राजाचे प्राण वाचवणारा सल्ला देतो. कोकणात आणि गोव्यात तर तो गावाचा राखणदार आहे. आरवलीच्या वेतोबाला लोक मोठाल्या वहाणा वाहतात, कारण तो रात्री गस्त घालतो. सर्बियातल्या गावाला ज्याच्यापासून वाचायचे होते त्याची तुलना, गावाला जो वाचवतो त्याच्याशी कशी करायची? भाषांतरासाठी मी ‘व्हॅम्पायर’ हाच शब्द ठेवतो. ‘रक्तपिपासू’ हे विशेषण आहे, आणि ‘पिशाच’ म्हटले की देह हरवतो. व्हॅम्पायरचे सगळे वेगळेपण तर त्या न कुजणाऱ्या देहात आहे.

मूळ वाचायचे असेल तर आधी बायरनचा तो तुकडा वाचा आणि लगेच पोलिदोरीची कथा. दोन्ही मिळून एका बैठकीत होतात. मग शेरिडन ल फान्यूची ‘कार्मिला’ (१८७२). १८४० च्या दशकातली, आठवड्याला एक पेनी किमतीने विकली गेलेली ‘व्हार्नी’ शेकडो प्रकरणांची आहे, ती चाळली तरी चालेल. ‘ड्रॅक्युला’ शेवटी घ्या, आणि त्याच्या पहिल्याच प्रकरणात एक सहप्रवासी ‘मेलेले वेगाने प्रवास करतात’ असे जे पुटपुटतो, तिथे क्षणभर थांबा: ती ओळ ब्युर्गरच्या ‘लेनोरे’ची आहे.